बदकांच्या कथा आणि त्यांचे संग्रह

अमेरिकेंत सन १९४३ पासून पुढें वीस-बावीस वर्षें एका माणसानें रचलेल्या व चितारलेल्या कथा दरमहा लक्षावधि मुलें वाचीत होतीं. परंतु त्या मुलांपैकीं बहुतेकांस त्या माणसाचें नांव ठाऊक नव्हतें. मासिकाच्या वेष्टनावर नांव असे तें वॉल्ट डिस्ने यांचें. डिस्नेसाहेबांनीं त्या कथांतील एक रेघहि ओढलेली नव्हती, हें पोरांना कळण्यास मार्ग नव्हता. पण पोरें मोठीं चाणाक्ष असतात. एकाच डोनल्ड डकच्या नांवाखालीं निरनिराळ्या हातांचीं चित्रें येत, आणि त्यांतील एक हात इतरांहून निराळा व सरस आहे, हें त्यांनीं आपलें आपणच ताडलें. नांव ठाऊक नाहीं म्हणून 'बदकें चांगलीं काढणारा' एवढ्याच खुणेनें तीं त्याला ओळखूं लागलीं. ज्याला वाङ्मयाच्या इतिहासांत कर्तृत्वनिर्णय म्हणतात, आणि ज्यापायीं आमच्याकडील पंडितांनीं ज्ञानेश्वर एक कीं दोन असा वाद घातला, तेंच काम हीं दहा-बारा वर्षांचीं मुलें जमिनीवर पालथीं पडून करीत होतीं.

त्या माणसाचें नांव कार्ल बार्क्स. आज हें नांव जगजाहीर आहे, पण त्याचें श्रेय विद्यापीठांकडे किंवा नामांकित टीकाकारांकडे जात नाहीं. तें जातें जुनीं मासिकें जपून ठेवणाऱ्या वाचकांकडे, आणि त्या मासिकांतील कथांचे पुढें जे पुनर्मुद्रित संग्रह निघाले त्यांच्याकडे. आमचा आजचा विषय तोच आहे: विनोदी पशुपात्रांच्या जुन्या चित्रकथा, त्यांचे आल्बम, आणि ते जमविण्याचा उद्योग. गंभीर वाचकांस हा विषय पोरकट वाटण्याचा संभव आहे. ज्यांस तसें वाटेल त्यांनीं थोडा धीर धरावा, एवढीच विनंति.

बार्क्स यांचा जन्म २७ मार्च १९०१ रोजीं ऑरेगन राज्यांतील मेरिल गांवाजवळ एका शेतकऱ्याच्या घरीं झाला. शाळा आठव्या इयत्तेनंतर सुटली. लहान वयांतच ऐकूं कमी येऊं लागलें. पुढें शेतमजुरी, लांकूडतोड, खेंचरें हांकणें, रेल्वेच्या कारखान्यांतील ठोकाठोक असे नाना धंदे करून झाल्यावर मिनिआपोलिस येथील एका चावट विनोदी मासिकांत त्यांना नोकरी मिळाली, आणि तेथून १९३५ सालीं ते डिस्ने यांच्या चित्रपटशाळेंत दाखल झाले. हालचालीच्या दोन मुख्य चित्रांमधलीं चित्रें भरून काढण्याची हमाली कांहीं काळ केल्यावर डोनल्डच्या लघुपटांच्या कथा जुळविणाऱ्या मंडळींत त्यांची बदली झाली. १९४२ सालीं एका न निघालेल्या चित्रपटाच्या कथेवरून ६४ पृष्ठांची चित्रकथा काढावयाची होती. तींतील निम्मीं पृष्ठें बार्क्स यांनीं व निम्मीं जॅक हॅना यांनीं काढलीं. त्याच वर्षाच्या अखेरीस बार्क्स यांनीं नोकरी सोडली आणि कॅलिफोर्नियांत सान हासिंतोच्या बाजूस कोंबड्या पाळून राहण्याचा बेत केला. पोट मात्र कोंबड्यांवर भरलें नाहीं. तें भरलें बदकांवर. एप्रिल १९४३ च्या अंकापासून 'वॉल्ट डिस्नेज कॉमिक्स अँड स्टोरीज' या मासिकांत दहा पृष्ठांची डोनल्डची कथा ते देऊं लागले, व १९६६ सालीं निवृत्त होईपर्यंत हा क्रम थोड्याफार खंडानें चालला. सुमारें पांचशें कथा, सहा हजारांवर पृष्ठें, आणि बहुतेक ठिकाणीं लेखक व चित्रकार एकच. एवढा व्याप घरच्या एका टेबलावर झाला.

पशूंच्या तोंडीं माणसाची भाषा घालण्याची रीत आपणांस नवी नाहीं. पंचतंत्रांतील पिंगलक सिंह, संजीवक बैल, करटक-दमनक हे कोल्हे यांच्या संगतींत आपण वाढलों. परंतु तेथें कोल्हा धूर्त असतो तो कोल्हा म्हणून धूर्त असतो; जातीवरून स्वभाव ठरतो, आणि कथा त्या स्वभावाचा निकाल लावते. बार्क्स यांचें बदक बदक म्हणून कांहींच करीत नाहीं. तें पोहतें तें माणसासारखें, उडावयाचें झाल्यास विमानाचें तिकीट काढतें, आणि नाताळांत ताटावर पक्षी वाढून घेतांना त्याला संकोच वाटत नाहीं. डोनल्ड हा नोकऱ्या बदलणारा, कर्जबाजारी, रागीट, परंतु तीन भाच्यांच्या पालनपोषणाची जबाबदारी न टाळणारा असा एक सामान्य गृहस्थ आहे. त्याला पिसें व चोंच दिल्यामुळें एकच गोष्ट साधली: तो कोणत्याच एका देशाचा राहिला नाहीं. या कथा फिनलंडपासून इटलीपर्यंत घरच्या होऊन बसल्या, त्याचें एक मोठें कारण आम्हांस हेंच दिसतें.

डोनल्डचा श्रीमंत मामा स्क्रूज हा तर सर्वस्वीं बार्क्स यांचाच मानसपुत्र. डिकन्सच्या नाताळकथेंतील कृपणाचें नांव घेऊन तो १९४७ च्या डिसेंबरांत एका कथेपुरता आला, आणि मग गेलाच नाहीं. १९५२ पासून त्याच्या नांवाचें स्वतंत्र पुस्तक निघूं लागलें. हा कवडीचुंबक आपल्या कोठींतील नाण्यांत पोहतो, हें सर्वांना ठाऊक असतें. पण बार्क्स यांच्या कथांत पैसा ही नुसती थट्टेची वस्तु नाहीं. १९५१ च्या एका दहापानी कथेंत वावटळ येऊन स्क्रूजचें सर्व द्रव्य उडवून नेते व गांवोगांव पैशाचा पाऊस पडतो. जो तो लक्षाधीश होतो, जो तो काम सोडून प्रवासास निघतो, आणि कोठेंहि काम करणारें माणूस उरत नाहीं. स्क्रूज तेवढा आपल्या शेतांत खपत राहतो. अखेर भुकेलेले लक्षाधीश त्याच्या दाराशीं येतात, तो सांगेल तो भाव देतात, आणि पैसा आपल्या पायांनीं कोठींत परत येतो. १९५४ सालच्या दुसऱ्या एका कथेंत पैशाच्या काळजीनें मज्जातंतु बिघडलेला स्क्रूज, जेथें पैसा माहीत नाहीं अशा हिमालयाच्या पलीकडील एका दरींत शांतीसाठीं जातो. बरोबर औषधाच्या बाटल्या असतात. एका बाटलीचें टोपण एका रहिवाशास सांपडतें, दुसरा तें मागतो, आणि बघतां बघतां टोपण हेंच त्या निष्पाप दरींतील चलन होऊन बसतें. तंटा मिटविण्यासाठीं स्क्रूज विमानांतून अब्जावधि टोपणें ओततो, तेव्हां शेतें त्यांखालीं बुजून जातात. चलनवाढ म्हणजे काय हें इतक्या थोड्या चौकटींत व इतक्या हसतमुखानें समजावणारें दुसरें पुस्तक आमच्या पाहण्यांत नाहीं.

या कथांचा अर्थ सर्वांनीं सारखाच लावला असें नाहीं. १९७१ सालीं चिली देशांत एरियल डॉर्फमन व आर्मां मातलार यांनीं 'डोनल्ड डक कसा वाचावा' या विषयावर एक तिखट ग्रंथ लिहिला. या गोजिरवाण्या बदकांच्या आडून अमेरिकन भांडवलशाही आपलें तत्त्वज्ञान गरीब देशांतील पोरांच्या गळीं उतरवीत आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. १९७३ च्या लष्करी उठावानंतर चिलींत त्या पुस्तकाच्या प्रती जाळण्यांत आल्या, आणि १९७५ सालीं इंग्रजी भाषांतराच्या प्रती अमेरिकेंत पोंचल्या तेव्हां तेथील जकात खात्यानें त्या अडवून धरल्या. त्या टीकेंत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं; वरील दोन कथांपैकीं पहिली घेतली तर टीकाकारांचा मुद्दा सिद्ध होतो, आणि दुसरी घेतली तर तो डळमळतो. परंतु टीकेचा सारा रोख डिस्ने या नांवावर होता, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. ज्याच्या पुस्तकांवर नांवच नाहीं, त्याच्याशीं वाद तरी कसा घालावा!

आतां कागदाची गोष्ट. १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत वर उल्लेखिलेल्या मासिकाचा खप दरमहा तीस लाखांच्या घरांत गेला होता. किंमत दहा सेंट, कागद वर्तमानपत्री. या कागदांतील आम्ल त्याला आंतून खात असतें. दहा-वीस वर्षांत तो पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, आणि शेवटीं घडीवर तुटूं लागतो. मुलांनीं तीं मासिकें वाचलीं, देवघेवींत घालविलीं, आयांनीं रद्दींत दिलीं. त्यांत कोणाचा दोष काढावयाचा? मुलांचें मासिक मुलांच्या हातीं फाटण्यासाठींच असतें. पण प्रकाशकांनींहि तेंच केलें. बार्क्स यांचीं शाईचीं मूळ चित्रें छापून झाल्यावर नष्ट करण्यांत आलीं, व त्या हजारों पृष्ठांपैकीं आज फारच थोडीं उरलीं आहेत. त्यांत मौज अशी, कीं जीं उरलीं त्यांतील कांहीं पृष्ठें संपादकांनीं नापसंत करून छापण्यापूर्वीं काढून टाकलेलीं होतीं. तीं बार्क्स यांच्याकडे परत आलीं म्हणून वांचलीं. पसंत पडलें तें भट्टींत गेलें, आणि टाकाऊ ठरलें तें टिकलें.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ग्रंथ पुन्हां छापावयाचा असेल तर खिळे पुन्हां जुळवितां येतात. जुनी प्रत फाटकी असली तरी अक्षर वाचतां आलें म्हणजे झालें. चित्र जुळवितां येत नाहीं. चित्रकथेचें पृष्ठ पुन्हां छापण्यास एक तर मूळ चित्र हवें, नाहीं तर छपाईच्या वेळचीं त्याचीं प्रकाशचित्रें हवींत, आणि दोन्ही नसल्यास तोच जुना पिवळा अंक घेऊन त्यांतील रंगीत ठिपक्यांच्या जाळ्यांतून काळी रेघ तेवढी सोडवून काढावी लागते. म्हणून मुलांच्या हातांतून निसटून कोणाच्या तरी पेटींत राहिलेला अंक हा या विद्येंतील पोथीच होय. तो ठेवणारा संग्राहक हा, त्याला स्वतःला कल्पना असो वा नसो, पोथीशाळेचा रक्षक आहे.

वर्तमानपत्रांतील चित्रमालांची स्थिति याहून बिकट होती, कारण त्या तर दुसऱ्या दिवशींच शिळ्या होत. जॉर्ज हेरिमन यांची 'क्रेझी कॅट' ही माला १९१३ पासून १९४४ पर्यंत चालली. मांजर उंदरावर प्रेम करतें, उंदीर मांजराच्या डोक्यांत वीट घालतो, आणि मांजरावर मनोमन अनुरक्त असलेला कुत्रा पोलीस होऊन उंदराला तुरुंगांत टाकतो: तीस वर्षें एवढेंच कथानक, आणि तरीहि एक रविवार दुसऱ्यासारखा नाहीं. सामान्य वाचकांनीं तिला फारसें उचलून धरलें नाहीं. वृत्तपत्रांचे धनी हर्स्ट यांची मर्जी होती म्हणून ती जगली. गिल्बर्ट सेल्डिस या टीकाकारानें १९२४ सालींच तिची गणना उत्तम कलाकृतींत केली होती, व १९४६ सालीं निघालेल्या निवडक संग्रहास ई. ई. कमिंग्ज या कवीनें प्रस्तावना लिहिली. पण निवड ती निवड. समग्र माला पाहावयाची तर जुनीं वर्तमानपत्रें हवींत, आणि अमेरिकेंतील ग्रंथालयें तीं बांधीव वर्तमानपत्रें त्याच सुमारास फेंकून देत होतीं. सूक्ष्मपटावर तीं उतरविलीं म्हणजे कागदाचें काम संपलें, अशी त्यांची समजूत. सूक्ष्मपट काळापांढरा, रविवारच्या पुरवणीचे रंग त्यांत कोठून येणार?

बिल ब्लॅकबिअर्ड या गृहस्थानें या टाकाऊ ढिगांत हात घातला. ग्रंथालयें खासगी माणसास असे गठ्ठे देत ना, म्हणून त्यानें १९६८ सालीं सान फ्रान्सिस्को येथील आपल्या घरींच चित्रकथाकलेची एक 'अकादमी' स्थापन केली. संस्था म्हटल्यावर गठ्ठे मिळूं लागले. पुढचीं तीस वर्षें तो ते आणीत होता, कापीत होता व लावून ठेवीत होता. १९९७-९८ च्या सुमारास ओहायो राज्याच्या विद्यापीठानें हा संग्रह घेतला, तेव्हां त्याचें वजन सुमारें ७५ टन भरलें व तो नेण्यास सहा प्रचंड मालमोटारी लागल्या. 'क्रेझी कॅट'च्या रविवारच्या पृष्ठांची समग्र ग्रंथमाला ब्लॅकबिअर्डच्याच संपादकत्वाखालीं १९८८ मध्यें सुरू झाली, प्रकाशक बुडाल्यामुळें अर्ध्यावर थांबली, आणि दुसऱ्या प्रकाशकानें २००२ सालीं राहिलेल्या वर्षापासून हातीं घेऊन २००८ सालीं पुरी केली. ज्यांनीं पहिला खंड घेतला त्यांना शेवटचा मिळेपर्यंत वीस वर्षें गेलीं. संग्राहकाची चिकाटी ही थट्टेची बाब नव्हे.

वॉल्ट केली यांच्या 'पोगो'ची कथा थोडक्यांत सांगतों. केली हेहि डिस्नेच्या शाळेंतूनच बाहेर पडलेले. जॉर्जियांतील ओकीफिनोकी नांवाच्या दलदलींत राहणारा पोगो हा पोसम व त्याचे सोबती १९४८ सालीं न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रांत दिसूं लागले. १९५३ सालीं सेनेटर मॅकार्थी यांच्या दहशतीखालीं मोठमोठे संपादक जपून बोलत असतां केली यांनीं त्यांच्या चेहऱ्याचें एक रानमांजर त्या दलदलींत आणून सोडलें. प्रॉव्हिडन्स येथील वर्तमानपत्रानें हा चेहरा पुन्हां दिसल्यास माला बंद करूं असें बजावलें, तेव्हां केली यांनीं त्या रानमांजराच्या डोक्यावर पिशवी चढविली! 'पोगो'चीं पुस्तकें केली यांच्या हयातींतच निघालीं व खपलीं, परंतु त्यांत चित्रपट्ट्या कापून-छाटून नव्यानें बसविलेल्या होत्या. मुळाबरहुकूम समग्र प्रत निघावयास २०११ साल उजाडलें. जाहीर झाल्यापासून तिला जो विलंब लागला तो मुख्यतः छापण्याजोग्या स्वच्छ पट्ट्या मिळेनात म्हणून.

बार्क्स यांच्याकडे पुन्हां वळूं. १९६० सालीं एका तरुण वाचकानें खटपट करून त्यांचें नांव शोधून काढलें व त्यांस पत्र धाडलें. वयाच्या एकुणसाठाव्या वर्षीं आलेलें हें पहिलेंच चाहत्याचें पत्र पाहून आपली कोणी चेष्टा करीत आहे अशी बार्क्स यांना शंका आली. निवृत्तीनंतर १९७१ सालीं डिस्ने कंपनीनें त्यांना बदकांचीं तैलचित्रें रंगवून विकण्याची परवानगी दिली व १९७६ सालीं ती काढून घेतली. या चित्रांच्या निमित्तानें ब्रूस हॅमिल्टन, रस कॉक्रन इत्यादि चाहत्यांनीं 'अनदर रेनबो' ही संस्था काढली, आणि १९८१ सालीं तैलचित्रांचा ग्रंथ काढल्यावर तिनें बार्क्स यांच्या सर्व कथांकडे मोर्चा वळविला.

१९८३ ते १९९० या काळांत निघालेली ही 'कार्ल बार्क्स लायब्ररी' दहा पेट्यांत तीस जाड खंडांची आहे. छपाई मुख्यतः काळ्यापांढऱ्यांत. मोठें पृष्ठ, उत्तम कागद, प्रत्येक कथेच्या आगेंमागें टीपा, प्रथम प्रकाशनाचें साल व अंक, संपादकांनीं काय बदललें याची नोंद, स्वतः बार्क्स यांच्या आठवणी. एखाद्या अभिजात ग्रंथकाराचे समग्र ग्रंथ ज्या पद्धतीनें काढतात त्या पद्धतीनें एका मुलांच्या चित्रकाराचें साहित्य प्रसिद्ध झालेलें पाहून त्या वेळीं अनेकांना हंसूं आलें असेल. आम्हांस तें योग्यच वाटतें. रंगाच्या अभावाबद्दल मात्र मतभेद आहे. कांहींच्या मतें काळ्यापांढऱ्यांत बार्क्स यांची रेघ प्रथमच खरी दिसली. रंग तर त्यांनीं भरलेच नव्हते, ते छापखान्यांतील इतरांनीं भरले. हें म्हणणें बिनतोड आहे, आणि तरीहि अपुरें आहे. ज्या चित्रकारानें रंग येणार हें जाणून पार्श्वभूमि मोकळी सोडली, त्याचें पृष्ठ रंगावांचून अर्धवटच राहतें. सोन्याच्या नाण्यांची कोठी पांढरी छापावी, हें कांहीं आमच्या मनास पटत नाहीं.

रंगीत संग्रह पुढें निघाले. १९९२ ते १९९८ या सहा वर्षांत त्याच मंडळींनीं पातळ रंगीत आल्बमांची माला काढली. तिचे एकूण १४१ आल्बम झाले, व प्रत्येकांत जमविण्यासाठीं एक चित्रपत्ता घातलेला असे. एकेक आल्बम मुलाच्या खिशास परवडावा हा हेतु चांगला. पण १४१ ही संख्या मुलाची नव्हे. चित्रपत्ता गहाळ असेल तर जुन्या बाजारांत आल्बमाची किंमत उतरते. वाचण्याच्या पुस्तकाची किंमत त्यांत न वाचण्याजोगी वस्तु आहे कीं नाहीं यावर ठरूं लागली, म्हणजे संग्रहाचा छंद कोणत्या वळणास लागला हें सांगावयास नको.

या पुनर्मुद्रणांनीं इतिहासाचें जें खरें काम केलें तें गाळलेलीं पृष्ठें परत आणण्याचें. १९५३ सालच्या 'बॅक टु दि क्लॉंडाइक' या कथेंत तरुण स्क्रूज एका दारूच्या गुत्त्यांत शिरतो, गुंगीचें औषध पाजून त्याला लुबाडण्यांत येतें, आणि शुद्धीवर आल्यावर तो एकटा साऱ्या गुत्त्याशीं मारामारी करतो. मुलांच्या पुस्तकांत गुत्ता नको म्हणून संपादकांनीं तीं पृष्ठें काढून टाकलीं होतीं. तीं १९८१ सालच्या एका संग्रहांत प्रथम कथेंत परत आलीं. तीं वाचल्यावांचून, ती गोल्डी नांवाची नर्तकी कोण, आणि तिच्यावर दांत असलेला हा कृपण शेवटीं जाणूनबुजून तिला सोनें कां जिंकूं देतो, हें नीट उमगत नाहीं. संपादकांनीं अनीति म्हणून कापली ती कथेची माया होती. १९४५ सालीं काढलेली 'सायलेंट नाइट' व १९५७ सालची 'दि मिल्कमन' या दोन कथा तर अति कडवट म्हणून सबंधच नाकारलेल्या. त्याहि आतां संग्रहांत वाचावयास मिळतात.

परंतु पुनर्मुद्रण जसें परत देतें तसें काढूनहि घेतें. १९४९ च्या 'व्हूडू हूडू' या कथेंत बाँबी नांवाचा एक आफ्रिकन झोंबी येतो. त्याचें चित्र त्या काळच्या अमेरिकन व्यंगचित्रांत काळ्या माणसासाठीं जो विद्रूप सांचा ठरलेला होता त्याच सांच्याचें आहे, हें कबूल केलेंच पाहिजे. तें पाहून कोणा वाचकास वेदना होत असतील तर त्या खोट्या नाहींत. पुढच्या एका पुनर्मुद्रणांत त्याचा चेहरा बदलून सौम्य करण्यांत आला. २०११ सालीं फँटाग्राफिक्स या प्रकाशनसंस्थेनें बार्क्स यांच्या समग्र कथांची नवी रंगीत माला सुरू केली, तिच्या पहिल्याच खंडांत हा चेहरा मूळ स्वरूपांत, टीपेसह, परत आला. डॉन रोसा हे बार्क्स यांचे शिष्योत्तम; स्वतः मोठे संग्राहक; जुन्या कथांतील इकडेतिकडे विखुरलेले उल्लेख वेंचून त्यांनीं १९९२ ते १९९४ मध्यें स्क्रूजचें बारा प्रकरणांचें चरित्र रचलें. त्याच्या अकराव्या प्रकरणांत हा बाँबी येतो. फेब्रुवारी २०२३ मध्यें रोसा यांनीं जाहीर केलें, कीं बाँबी असलेल्या आपल्या दोन कथा यापुढें छापावयाच्या नाहींत असें डिस्ने कंपनीनें ठरविलें आहे.

येथें आमचें मत स्पष्ट सांगतों. बाँबी हा कोणी उगाच आलेला राक्षस नव्हे. स्क्रूजनें तरुणपणीं आफ्रिकेंतील एका जमातीची जमीन बळकावली, तिच्या लोकांस हुसकून लावलें, आणि त्या अन्यायाचा सूड घेण्यासाठीं तिच्या मांत्रिकानें हा झोंबी त्याच्या मागें लावला, अशी ती कथा आहे. रोसा यांच्या ग्रंथांत तर तेंच प्रकरण मध्यवर्ती आहे: आयुष्यभर सचोटीनें वागलेला स्क्रूज या एका प्रसंगीं घसरतो, त्याच्या बहिणी त्याला सोडून जातात, आणि पुढचें एकाकी म्हातारपण त्याच्या वांट्याला येतें. तें प्रकरण गाळल्यास विद्रूप चित्राबरोबर स्क्रूजचा गुन्हाहि गाळला जातो. म्हणजे काळ्या माणसाच्या अपमानाची भरपाई करण्यासाठीं, गोऱ्या धनिकानें त्याची जमीन लुटली ही कबुलीच पुसून टाकावयाची! लहान मुलांच्या हातीं तें चित्र प्रस्तावनेवांचून देऊं नये, हें आम्हांस मान्य आहे. मोठ्यांच्या समग्र संग्रहांतूनहि तें नाहींसें करावें, हें मान्य नाहीं. १९५३ सालच्या संपादकाचा हेतुहि चांगलाच होता.

अशा वेळीं जुनी प्रत जवळ असणें याला निराळाच अर्थ येतो. प्रकाशकानें आज काय छापलें यावरून काल काय छापलें होतें तें ठरत नाहीं. तें ज्याच्या कपाटांत कालची प्रत आहे तोच दाखवूं शकतो. आमच्याकडे 'बालबोधमेवा' १८७२ सालीं निघाला, वासुदेव गोविंद आपटे यांचा 'आनंद' १९०६ सालीं निघाला. त्यांचे जुने अंक ज्यांच्या माळ्यावर असतील त्यांनीं ते रद्दीवाल्यास दाखविण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावेत, एवढें जातां जातां सुचवावेंसें वाटतें.

युरोपांत या बदकांचा मान त्यांच्या मायदेशाहून अधिक आहे. जर्मनींत १९५१ पासून डॉ. एरिका फुक्स या कलेतिहासाच्या विदुषीनें त्यांचें भाषांतर केलें. शिलर-गटेच्या ओळींचे प्रतिध्वनि बदकांच्या तोंडीं घालून त्यांनीं अशी भाषा बनविली, कीं जर्मन वाचक मुळापेक्षां भाषांतरच श्रेष्ठ मानतात. त्यांच्या नांवानें २०१५ सालीं श्वार्झेनबाख गांवीं एक संग्रहालयहि उघडलें. बार्क्स स्वतः मात्र पेरूचे डोंगर, आफ्रिकेच्या खाणी, तिबेटच्या दऱ्या हें सर्व 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकांतील छायाचित्रें पाहून काढीत. ते अमेरिकेबाहेर प्रथम पडले ते १९९४ सालीं, वयाच्या ९३ व्या वर्षीं, आणि तेव्हां युरोपांतील अकरा देशांत त्यांचें स्वागत झालें. २५ ऑगस्ट २००० रोजीं ते वारले.

नव्यानें संग्रह करूं इच्छिणाऱ्यानें कोठून आरंभ करावा, असें कोणी विचारील. १४१ आल्बमांच्या मागें लागूं नये. तीस खंडांची जुनी लायब्ररी अभ्यासकानें ग्रंथालयांत पाहावी. वाचकानें फँटाग्राफिक्सच्या मालेंतील १९४९ सालच्या कथांचा 'लॉस्ट इन दि अँडीज' हा खंड प्रथम घ्यावा. रंग त्यांत जुन्या पद्धतीचे सपाट आहेत, टीपा नेमक्या आहेत, आणि चौकोनी अंडीं घालणाऱ्या कोंबड्यांच्या शोधांत डोनल्ड जेथें पोंचतो तें धुक्यांतील गांव एकदां पाहिलें म्हणजे पुढचे खंड आपोआप घरीं येतात. (इतक्या खटपटीनें आणलेले दोन्ही पक्षी शेवटीं कोंबडे निघतात, हें येथें सांगून टाकल्याबद्दल वाचक क्षमा करतील.) मात्र समग्र या शब्दावर कोणीं पूर्ण भरंवसा ठेवूं नये. बार्क्स यांनीं १९५२ सालीं 'दि गोल्डन ॲपल्स' नांवाची एक दहापानी कथा काढून धाडली होती. संपादकांनीं ती नाकारली, चित्रें परत आलीं नाहींत, प्रत कोणीं ठेवली नाहीं. प्रत्येक संग्रहाच्या सूचींत तिचें नांव तेवढें आहे.